ड्रमला वायर नसते

कमलनगरच्या आमच्या गोडाऊनमध्ये आता सिमेंट असतं. भाडेकरू चांगला आहे, शटरला दरवर्षी ग्रीस लावतो. मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ड्रम होता, तो तेवढा माझा. अश्विनी तो न्यायला आली, त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी मी आत गेले. सिमेंटला वास असा काही नसतो. पण ताडपत्री ओढली आणि खालून ज्यूटचा, करडईच्या तेलकट भुशाचा, उंदरांचा वास एकदम वर आला, आणि मला शिंक आली. आठवण आल्यावर लोकांना काय काय होतं. मला शिंका येतात.

"आंटी, पाणी देऊ का?" अश्विनी म्हणाली.

"आंटी म्हणू नको."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नको. आधी ते टोक धर."

ती मादन हिप्परग्याची. वय बावीस, कलबुर्गीला इंजिनीअरिंग करते. ड्रम शिकली मोबाईलवर बघून, हॉस्टेलच्या बादल्या पालथ्या घालून. आमच्या बँडला नवीन ड्रमर हवा होता आणि ती मिळाली होती. माझ्या उजव्या खांद्याचं काय झालं ते सांगत बसत नाही. हात कानाच्या वर जात नाही, एवढं पुरे.

आमच्या बँडचं नाव 'थ्री फेज'. आम्ही तिघं. गुरुनाथ गिटार वाजवतो आणि गातो. बशीर बेस वाजवतो. मी ड्रम. गुरू घरी कन्नड बोलणारा, बशीर दख्खनी, मी मराठी. आणि आमच्याकडं विहिरीवरची मोटर चालायची तर थ्री फेज करंट यावा लागतो, त्याची वाट बघत सगळा तालुका बसलेला असतो. नाव बशीरनं सुचवलं. त्याचे वडील लग्नकार्याला लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे. त्यांच्या जुन्या भोंग्यांमधून आणि जळालेल्या मशिनींमधून बशीरनं आमचा पहिला ॲम्प्लिफायर तयार केला होता. तो तापला की त्यातून पापड भाजल्यासारखा वास यायचा. मोठा ड्रम एका बँडबाजावाल्याकडून आणलेला, त्याच्या तोंडावर कुणाकुणाच्या लग्नांसाठी रंगवलेलं गुलाबाचं फूल होतं. वर काळा ऑइलपेंट दिला, तरी उन्हात धरलं की फूल दिसायचं.

सराव गोडाऊनमध्ये. आमची आडत होती, म्हणजे शेतकऱ्यांचा माल आमच्याकडं उतरायचा आणि पुढं जायचा. त्यामुळं वर्षभर खोली तीच, पण आवाज वेगळा. माघात तुरीची पोती छतापर्यंत लागलेली असायची, मधे आमच्यापुरती गल्ली. पोत्यांत आवाज जिरायचा. काडी मारली की ठक्, आणि संपलं. स्वतःच्या कानात बोलल्यासारखं वाजवायचो. मग करडई यायची. तिचे काटे मोज्यांत घुसायचे, गुरू एक पाय वर धरून गायचा. उन्हाळ्यात माल हलायला लागायचा, एकेक थप्पी उतरायची, आणि दर आठवड्याला आवाज थोडा थोडा मोकळा व्हायचा. मिरग निघेपर्यंत गोडाऊन रिकामं. तेव्हा एक काडी मारली की ती भिंतीला जाऊन, पत्र्याला जाऊन, परत यायची. पत्र्यावर पाऊस असला की आम्ही वाजवणं बंद करून पोत्यांच्या रिकाम्या गठ्ठ्यावर बसायचो. बशीर भाजलेल्या शेंगा सोलून तिघांच्या वाटण्या करायचा, आणि कुणाच्याही आधी स्वतःची खाऊन टाकायचा. श्रावण संपताना मूग, उडीद. त्याची धूळ बारीक, गुरूचा आवाज बसायचा.

अजूनही कुठं टाळी वाजली की मला कळतं, ही खोली भरलेली आहे की रिकामी. त्याचा उपयोग काही नाही.

आमची गाणी 'लाभ'नं सुरू व्हायची. हमाल पोती मोजतात ती लाभ, दोन, तीन अशी. पहिल्याला एक म्हणत नाहीत. मी लहानपणापासून तेच ऐकलेलं. पहिल्या दिवशी गुरू म्हणाला, मोज, तेव्हा तोंडातून 'लाभ, दोन, तीन, चार' निघालं आणि ते तसंच राहिलं. बाबा गल्ल्यावरून ओरडले, "काटा चालू झाला का गं?" ड्रम वाजवणाऱ्या मुलीबद्दल त्यांचं एवढंच म्हणणं होतं.

कार्यक्रम दुपारचे. संध्याकाळी परतीच्या जीपगाड्या मिळायच्या नाहीत. गावात पोचलो की आधी चहा, मग शाळेचं टेबल आणि सतरंजी, मग वायरी ओढायच्या. जीपच्या टपावर ड्रम बांधलेला, त्यात वाटेतली धूळ शिरलेली. पहिला ठोका मारला की धुळीची वर्तुळं उठायची. उन्हात ती सोनेरी दिसत. समोर पोरं, मागं बाप्ये, आणि गच्च्यांवर बाया. बाया मला बघायला आलेल्या असत. गाणं कसं होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. "हात दुखत न्हाईत का गं माय?" एवढं विचारायच्या आणि ओच्यात शेंगदाण्याचे लाडू घालायच्या.

अश्विनी म्हणाली, "माझी आई सांगती. आमच्या गावात एकदा एक बाई ढोल वाजवायला आलती म्हणं."

"ढोल न्हाई, ड्रम."

"ती ढोलच म्हणती."

ड्रम तिनं लगेच नेला नाही, आधी चार रविवार ती कमलनगरला शिकायला येत राहिली. मी तिला सगळं दिलं. ड्रम सरकू नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे कसे ठेवायचे. डाव्या बाजूचा बोल्ट पूर्ण आवळायचा नाही. तिसऱ्या कडव्यात गुरू पळायला लागतो, तेव्हा त्याच्यामागं पळायचं नाही. बशीर चुकला की बुटांकडं बघतो. 'लाभ' मात्र तिला जमेना, ती हसायची. शेवटी म्हणाली, मी वन टू थ्री फोर म्हणते. म्हण, म्हटलं. ती कानात एक बारीक यंत्र घालते, मोबाईलमधून त्यात ठोके पडतात, टिक टिक टिक टिक. त्या टिकटिकीला धरून वाजवते. हात हलका आहे, स्वच्छ आहे. माझ्यापेक्षा चांगली वाजवते हे पहिल्या रविवारीच कळलं. तिला तसं सांगितलंही.

एक गोष्ट दिली नाही. लाईटची.

विसरले असं म्हणता येणार नाही. चारही रविवारी ती माझ्या जिभेवर होती. चौथ्या रविवारी तर अश्विनीनं दारात उभं राहून विचारलं, "आणखी काय ऱ्हायलं का?" मी म्हटलं, काही नाही. तीस वर्षांतली एक गोष्ट आपल्याजवळ असावी असं वाटलं. ती जवळ ठेवून मी काय करणार होते, ते मला माहीत नव्हतं. पण लाईट गेली की सगळे मागं वळून मला शोधतील, असं काहीतरी डोक्यात होतं खरं.

तिचा पहिला कार्यक्रम मंठाळला होता. गुरू तिथं हायस्कूलला विज्ञान शिकवतो. शाळेच्या गॅदरिंगची दुपार, मांडव घातलेला, पोरांचा गलबला. मला पुढच्या रांगेत खुर्ची होती, पाहुण्यांच्या शेजारी. हातात गुलाबाचं फूल दिलं. स्टेजकडं तोंड करून बसायची ही माझी पहिलीच वेळ. गुरूचं पोट सुटलंय, बशीरचं कपाळ मोठं झालंय, हे मागून कधी दिसलं नव्हतं. मागून मला त्यांच्या फक्त पाठी माहीत होत्या. गुरूच्या सदऱ्यावर घाम आधी कुठं येतो, बशीर कोणत्या पायावर भार देतो. चेहरे आज बघत होते. वाजवताना गुरू डोळे मिटतो हेही मला माहीत नव्हतं.

"वन टू थ्री फोर," अश्विनी म्हणाली आणि सुरू झालं.

पहिली दोन गाणी चांगली झाली. एक कन्नड, एक मराठी. आमच्या सीमाभागात ती काळजी घ्यावी लागते. शेजारचे पाहुणे माझ्याकडं वाकून म्हणाले, "पोरगी तयार हाय बघा." मी मान हलवली.

तिसरं गाणं आमचं जुनं. 'तुरीला आलं फूल गं, करंट आला न्हाई.' गुरूनं शाळेत शिकवलेलं, पोरांना पाठ. पहिलं कडवं झालं आणि लाईट गेली.

गिटार गेली. बेस गेला. माईक गेला, पंखे थांबले. आणि अश्विनी थांबली. तिनं कानातलं यंत्र काढून हातात घेतलं आणि लाईटच्या बोर्डाकडं बघायला लागली. बरोबरच केलं तिनं. लाईट गेल्यावर शहाणा माणूस हेच करतो.

आम्ही हे करत नाही. आम्ही सुरू केलं तेव्हा लाईट जायचीच, गाण्यात एकदा तरी. दरवेळी पहिल्यापासून धरायचं म्हटलं तर एकही गाणं पुरं झालं नसतं. ड्रमला वायर नसते. म्हणून ठरलं, की ड्रम थांबवायचा नाही. बाकीच्यांनी आपापलं मनात वाजवत राहायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या, आणि लाईट आली की गाणं जिथं पोचलं असेल तिथं सगळ्यांनी मिळून उतरायचं. सुटलं होतं तिथं परत जायचं नाही. मधली कडवी झाली असं धरायचं. कधी लाईट यायच्या आधीच गाणं संपायचं, तर आम्ही वाकून नमस्कार करायचो आणि लोक टाळ्या वाजवायचे. औरादकडं एका गावात अशी तीन गाणी गेली. आभार मानताना तिथल्या हेडमास्तरांनी त्या तिन्ही गाण्यांचं नाव घेऊन कौतुक केलं होतं.

मंठाळच्या मांडवात गुरूनं डोळे उघडले नाहीत. ओठ हलत होते. बशीरची बोटं मेलेल्या तारांवर चालली होती. दोघंही माझ्यावर अवलंबून असल्यासारखे वाजवत होते, आणि मागं कुणी वाजवत नव्हतं. माझा डावा हात मांडीवर आपोआप सुरू झाला होता. मांडवाच्या मागच्या कडेला गावातली जुनी माणसं उभी होती, त्यांना आमची रीत माहीत. त्यांनी टाळ्या धरल्या, पण कुणाची टाळी कुणाला लागेना. समोरची पोरं आधी गप्प झाली, मग हुर्यो करायला लागली.

मी उठायला हवं होतं. चार पावलांवर स्टेज. "थांबू नको" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी बसून राहिले, आणि लाज वाटेल असं सांगते, मी वाट बघत होते. कुणीतरी वळून बघेल याची.

लाईट आली. गुरू तिसऱ्या कडव्यावर उतरला. बशीर धृपदावर. मी मांडीवर दोघांच्याही मधे कुठंतरी होते. अश्विनी काड्या हातात धरून बसलेली. स्पीकरमधून जे काही आलं ते ऐकून आठशे पोरं एकदम हसली.

तिघांत कोण बरोबर होतं? मी अजूनही विचार करते. ते ठरवायला काही मार्ग नव्हता. ड्रम वाजत असता तर तो जिथं होता ते बरोबर ठरलं असतं. इतकी वर्षं मी समजत होते की गाणं तिघांच्याही पोटात एकच आहे आणि मी ते फक्त मोजते. तसं नव्हतं. प्रत्येकाच्या पोटात वेगळं होतं.

गुरूनं पोरांच्या नाचाचा कार्यक्रम मधे घातला आणि आम्ही स्टेजच्या मागच्या वर्गात गेलो. चहा आला. कुणी घेतला नाही. अश्विनीचे कान लाल झाले होते.

"सर, मी चुकले का? लाईट गेली म्हणून थांबले मी."

गुरू माझ्याकडं बघून म्हणाला, "अक्का, पोरीला लाईटचं सांगितलीस ना तू?"

"लाईटचं काय?" अश्विनी म्हणाली.

बशीरनं बुटांकडं बघायला सुरुवात केली.

विसरले म्हणायचं आणि चहा उचलायचा, एवढं सोपं होतं. वय झालं, राहून गेलं. सगळ्यांनी मानलं असतं.

"न्हाई सांगितलं," मी म्हणाले.

"कामून?" गुरू.

"सांगायचं नव्हतं म्हणून."

पलीकडं स्टेजवर पोरांच्या पायांतली घुंगरं वाजत होती. गुरूनं चष्मा काढून पुसला. तो रागावला की चष्मा पुसतो.

"आपा, तुम भी ना," बशीर हळूच म्हणाला. "बच्ची की पैलीच बार थी जी."

अश्विनी माझ्याकडं बघत होती. रडेल असं वाटलं, किंवा काड्या टाकून जाईल. तिनं घड्याळ बघितलं.

"नाच किती वेळ हाय, सर?"

"दहा मिनिटं."

"मग आता सांगा," ती मला म्हणाली. आंटी नाही, अक्का नाही, काहीच नाही.

मी सांगितलं. बाकावर बसून, बाकावरच ठोके देऊन. थांबायचं नाही. वेग कमी करायचा नाही, लोक टाळ्यांनी मागं ओढतात. कडवं संपलं की झांजेवर एक ठोका द्यायचा, म्हणजे दोघांना कळतं कुठं आलो. आणि जोरात मारायचं, गावाच्या वेशीपर्यंत गेलं पाहिजे, कारण तेवढाच एक आवाज शिल्लक असतो.

"जोरात कामून?" ती म्हणाली. "माईक न्हाई, गिटार न्हाई. मग जोर कुणावर काढायचा?"

मी नेहमी जोरातच मारत आले होते.

बशीर उठून बाहेर गेला. वायरमनशी काहीतरी बोलला. परत येऊन म्हणाला, "हो गया. मैं हात उप्पर किया की वो मेन काढताय."

"अरे, शाळेची लाईट हाय ती," गुरू म्हणाला.

"तो क्या हुआ? लाईट जाती, न्हाई का?"

नाच संपला. तिघं स्टेजवर गेले. गुरूनं माईक घेतला आणि पोरांना सांगितलं, "आता लाईट जाणार हाय. कुणी वरडायचं न्हाई. गाणं चालूच ऱ्हातंय, फक्त आमचं ऐकू येणार न्हाई. तुमचं तुम्ही म्हणायचं." पोरं पुन्हा हसली, पण वेगळं हसली. मी यावेळी खुर्चीवर गेले नाही. वर्गाच्या दारातच उभी राहिले, पर्स खांद्याला लावून. साडेपाचला भालकीकडची बस होती.

पुन्हा तेच गाणं. पहिलं कडवं झालं, बशीरनं हात वर केला आणि सगळं गेलं.

अश्विनी थांबली नाही. तिनं काडी उलटी धरली आणि ड्रमच्या नुसत्या कडेवर मारायला लागली. अगदी हळू. टक्, टक्, टक्, टक्. मला वाटलं हे मागच्या पोरांना ऐकूसुद्धा जाणार नाही. ते ऐकायला पोरं गप्प झाली. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं सुरू केलं, 'तुरीला आलं फूल गं', आणि तिच्यामागं सगळी. ओरडून नाही. घरात म्हणतात तशी, अर्ध्या आवाजात. मागच्या कडेची म्हातारी माणसं, भिंतीवर बसलेल्या बाया, पाहुणे. आठशे जणांचा आवाज मांडवाच्या कापडाखाली भरून राहिला, आणि त्याच्या तळाशी ती टकटक, घड्याळासारखी.

आमच्या कार्यक्रमात लाईट गेली की लोक गातात, हे मला माहीत होतं. गुरू सांगायचा, बशीर सांगायचा, "क्या गाते जी लोगां." मी मान डोलवायचे. मी त्या वेळी मागं बसून वेशीपर्यंत जाईल असा ड्रम बडवत असायचे. इतकी वर्षं गावोगावच्या लोकांनी माझ्यासमोर असं गायलं असणार आणि त्यातलं एक अक्षर मी ऐकलेलं नव्हतं.

अश्विनीनं कडव्याच्या शेवटी झांजेला काडीचं टोक नुसतं लावलं. गुरूनं मान हलवली. बशीरनं हलवली. दोघांनीही वळून मागं बघितलं, तिच्याकडं.

लाईट यायची मी वाट बघितली नाही. बस चुकली असती. शाळेच्या मागच्या फाटकातून निघाले, हरभऱ्याच्या रानाकडेनं रस्ता आहे. बरंच पुढं आले तरी पोरांचा आवाज येत होता. ड्रम ऐकू येत नव्हता, इतक्या लांबून येणारही नव्हता. पण माझी चप्पल मातीवर बरोबर त्याच्या जागेवर पडत होती. टक्, टक्, टक्, टक्. ते ध्यानात आल्यावर मी थांबले. पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, आणि मुद्दाम पाऊल चुकवून पुढं निघाले.